खुर्चीत बसून ऐकायचा टँगो

नमस्कार मंडळी! टँगो म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, लाल ड्रेस, चकचकीत बूट आणि झटक्यात मान वळवणारा तो डान्स, बरोबर? ते आज बाजूला ठेवा, आज नाचायचं नाहीये, नुसतं बसून ऐकायचंय.

आस्तोर पियाझोला, टँगोचा संगीतकार, जन्म १९२१, अर्जेंटिनाचा, पण लहानपण न्यूयॉर्कला गेलं. तिथे वडिलांनी सेकंडहँड बँडोनिऑन आणून दिला. आपल्या पेटीचा लांबचा चुलतभाऊ म्हणा, पण भलताच खडूस. मांडीवर घ्यायचा, दोन्ही हातांना बटणं, आणि भाता उघडताना जो सूर येतो तो मिटताना त्याच बटणावर येत नाही, दुसराच येतो! म्हणजे दोन हातांचे मिळून चार कीबोर्ड पाठ. पेटीवाल्यांनो, हात जोडा.

मोठा झाल्यावर या माणसाने टँगोत जॅझ आणि बाख, म्हणजे पाश्चात्य शास्त्रीय संगीतातला जुना उस्ताद, घातला, वर इलेक्ट्रिक गिटार, आणि ब्यूनोस आयर्सचे जुने दर्दी असे खवळले, म्हणाले हा टँगोच नाही. १९६० साली त्याने पाच जणांचा ग्रुप काढला: बँडोनिऑन, व्हायोलिन, पियानो, गिटार, डबल बास. त्याची ठेवणीतली लय टाळी देऊन बघा, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. आठच मात्रा, पण सम कुठे जाते पत्ता लागत नाही.

१९९२ ला पियाझोला गेला. मग त्याच्या बायकोच्या, लॉरा एस्कलादाच्या फाउंडेशनने १९९८ मधे क्विंतेतो आस्तोर पियाझोला, म्हणजे त्याच्या नावाचा पाच जणांचा ग्रुप, उभा केला, तीच पाच वाद्यं. वाजवणारे बदलत गेले, वाद्यं नाही बदलली. मला हे आवडतं, कारण नक्कल करायची तर रेकॉर्ड आहेतच की, त्या लावा. ही मंडळी त्याच नोटेशनवरून वाजवतात पण हात स्वतःचा. २०१९ मधे त्यांना लॅटिन ग्रॅमीही मिळालं, ते असो.

आता लावतोय 'आदिओस नोनिनो'. नोनिनो म्हणजे तेच वडील, बँडोनिऑन आणून देणारे, नातवंडं त्यांना या नावाने हाक मारायची. १९५९ ला ते गेले, पियाझोला दौऱ्यावर होता, घरी पोचू शकला नाही, तेव्हा ही रचना झाली.

आणि हो, मधेच श्वास घेतल्यासारखा फुस्स आवाज येईल, रेडिओ ठोकू नका, भात्यातली हवा आहे ती.