टिंब, रेघ आणि मधली जागा

[पडद्यावर टर्मिनल, म्हणजे संगणकाला लिहून आज्ञा द्यायची खिडकी. एकेक अक्षर टाइप होत जातं.]

आपला मजकूर मोर्समध्ये, म्हणजे तारयंत्राच्या टिंब-रेघांच्या लिपीत, बदलायचा आहे. एका ओळीचं काम आहे. ‘एको’ लिहायचं, पुढे अवतरणचिन्हांत आपला मजकूर, मग उभी रेघ म्हणजे पाइप, आणि शेवटी ‘मोर्स’. एंटर दाबलं की मजकुरातलं प्रत्येक अक्षर वेगळ्या ओळीवर उतरतं. ‘डॉ डिट’ हा झाला एन. ‘डिट डॉ’ हा झाला ए. काही आवृत्त्यांमध्ये ‘डॉ’च्या जागी ‘डा’ दिसेल. हेच चिन्हांत हवं असेल तर ‘मोर्स’च्या पुढे हायफन आणि एस. मग डिटचं टिंब होतं, डॉची रेघ होते.

हा छोटासा प्रोग्राम बीएसडी युनिक्सच्या खेळांच्या संचातला. डेबियनसारख्या लिनक्सवर ‘बीएसडीगेम्स’ नावाचं पॅकेज बसवलं की तो मिळतो. त्याच्या माहितीपानावर आणखी दोन भावंडं राहतात: एक मजकुराचं पंचकार्ड करतं, दुसरं भोकं पाडलेली कागदी फीत. तिघंही मजकूर घेतात आणि जुन्या यंत्रांच्या रूपात परत देतात.

आपण रोमन लिपीत ‘नमस्कार’ लिहून बघू.

[पडद्यावर, एकाखाली एक:
– ·
· –
– –
· –
· · ·
– · –
· –
· – ·
· · · – · –]

आठ अक्षरं दिली होती, ओळी नऊ आल्या. शेवटची ओळ आपल्या मजकुरातली नाही, ती प्रोग्रामने स्वतः जोडली आहे. तीन टिंबं, रेघ, टिंब, रेघ. तारयंत्रावर आणि रेडिओवर काम करणारे ही खूण ‘माझं बोलणं संपलं’ या अर्थाने पाठवतात. एस आणि के एकत्र लिहून तिचा उल्लेख होतो, पण पाठवताना दोन्हींच्या मध्ये जागा सोडायची नसते. ज्याने हा प्रोग्राम लिहिला त्याला ही रीत ठाऊक होती आणि ती पाळावीशी वाटली. ही ओळ दिसली की मला फार बरं वाटतं.

आता एसओएस देऊ. तीन अक्षरं, तीन ओळी, आणि मागून ती शेवटची खूण. इथे मात्र जपायला हवं. 1906 सालच्या बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत संकटाची खूण म्हणून जे ठरलं, ते तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं असं सलग चिन्ह. आत कुठेही अक्षरं तोडणारी जागा नाही. प्रोग्रामला ते कळायचं कारण नाही. आपण अक्षरं दिली, त्याने अक्षरं केली. टिंबं तीच, रेघा त्याच. फरक आहे तो मधल्या जागेत.

या जागेबद्दलच खरं तर मला बोलायचं आहे.

[पडद्यावर फक्त तीन टिंबं.]

ही तीन टिंबं म्हणजे काय? एस असेल. पण ई आणि आय असू शकतात. आय आणि ई असू शकतात. तीन वेळा ई-ई-ईसुद्धा असू शकतं. चारही वाचनं बरोबर आहेत, कारण एका अक्षराचं चिन्ह दुसऱ्याच्या चिन्हाची सुरुवात असू शकतं. रेघ नसलेलं नुसतं टिंब म्हणजे ई, आणि एस, एच, ए, आर अशी कितीतरी अक्षरं टिंबानेच सुरू होतात. मग एक अक्षर कुठे संपलं हे सांगणार कोण? मधली शांतता.

हे स्वतः करून बघता येतं. ‘मोर्स’ला हायफन डी दिला की तो उलटं काम करतो, चिन्हांवरून अक्षरं. आपला नमस्कार चिन्हांत करून घ्या, परत फिरवा, नीट परत येतो. मोठं अक्षर आणि लहान अक्षर हा भेद तेवढा हरवतो, कारण मोर्समध्ये तो नाहीच. आता मध्ये ‘टीआर’ ही कमांड घालून सगळ्या मोकळ्या जागा आणि ओळी पुसून टाका. एकही टिंब हललेलं नाही, एकही रेघ गेलेली नाही. तरी प्रोग्रामला त्यातून काहीही वाचता येत नाही.

म्हणून जागांची मापं ठरलेली आहेत. टिंब हे एक माप. रेघ तीन मापांची. एकाच अक्षरातल्या दोन चिन्हांमध्ये एक माप शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. मोर्समध्ये टिंब-रेघांइतकाच निरोप या तीन शांतता वाहून नेतात.

वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द वापरतात. रोमन लिपीतली त्याची पाच अक्षरं आणि पुढची शब्दाची जागा धरून बरोबर 50 मापं भरतात. मिनिटाला 12 शब्द म्हणजे 12 वेळा पॅरिस, म्हणजे 600 मापं, म्हणजे एका टिंबाला एक दशांश सेकंद. या वेगाने आपला नमस्कार 6.9 सेकंद घेतो. मिनिटाला 20 शब्दांच्या वेगाने साधारण 4.1 सेकंद.

पडद्यावरची चिन्हं यातलं काही सांगत नाहीत. तिथे रेघ टिंबापेक्षा थोडी लांब दिसते, इतकंच. ज्यांच्या नावाने ही लिपी ओळखली जाते त्या सॅम्युएल मोर्स यांचं यंत्रही निरोप डोळ्यांसाठीच उतरवायचं.

[पडद्यावर कागदी फितीचं चित्र. फीत हळूहळू सरकते.]

24 मे 1844. वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला निरोप जातो. पलीकडे मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल बसलेले. निरोप येतो तो कागदी फितीवर उठणाऱ्या खुणांमधून, म्हणजे डोळ्यांनी वाचायचा. ती फीत आजही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहे.

पण यंत्र चालताना खटखट करायचं. रोज त्याच्याशेजारी बसणाऱ्या तारवाल्यांच्या लक्षात आलं की फितीकडे बघायची गरजच नाही, कानांनीच अक्षरं कळतात. पुढे फीत मागे पडली आणि फक्त आवाज करणारं यंत्र, साउंडर, तार कचेऱ्यांमध्ये आलं. कागदावर उतरवण्यासाठी बनवलेली गोष्ट माणसांनी कानांनी ऐकायची करून टाकली. मला हा मोर्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा शोध वाटतो, आणि तो कुणा एकाच्या नावावर नाही.

अमेरिकेतल्या त्या जुन्या लिपीत काही अक्षरांच्या पोटातही जागा होती. जवळजवळची दोन टिंबं म्हणजे आय, आणि तीच जरा अंतर ठेवून पाठवली की ओ. कान किती तयार असावा लागत असेल! 1848 मध्ये जर्मनीत फ्रीडरिश गेर्के यांनी अक्षरांच्या आतल्या या जागा काढून टाकल्या. त्यांच्या सुधारित लिपीवरूनच 1865 च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय मोर्स ठरली. आपला प्रोग्राम तीच बोलतो. रोमन अक्षरं, आकडे आणि काही विरामचिन्हं हा त्याचा तक्ता. देवनागरी अक्षरं त्यात नाहीत, म्हणून तो ती गाळतो. मराठी निरोप पाठवायचा तर रोमन लिपीत लिहून द्यावा लागतो.

लय सांभाळली तर मोर्सला तारही लागत नाही. 1966 मध्ये उत्तर व्हिएतनामच्या कैदेतले अमेरिकी वैमानिक जेरेमाया डेंटन यांना दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर बसवलं गेलं. तोंडाने ते विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होते आणि पापण्यांनी मोर्समध्ये एक इंग्रजी शब्द पाठवत होते: छळ. पापणी मिटून किती वेळ ठेवली आणि उघडी किती वेळ, एवढंच त्यांच्या हातात होतं. तेवढं पुरलं.

[पुन्हा टर्मिनल. या वेळी आवाज: एकसारखा, स्वच्छ स्वर.]

तर आता आवाज. ‘युनिक्ससीडब्ल्यू’ या संचात ‘सीडब्ल्यू’ नावाची कमांड आहे. तिलाही पाइपने मजकूर द्यायचा, पण ती छापण्याऐवजी वाजवते. हायफन डब्ल्यूने वेग ठरतो, मिनिटाला 60 शब्दांपर्यंत. हायफन टीने स्वराची उंची. आणि हायफन जी हा पर्याय शिकणाऱ्यांसाठी सोन्यासारखा: अक्षरं वेगातच वाजतात, पण दोन अक्षरांमधली शांतता वाढते.

हे महत्त्वाचं का? हळू वेगात शिकणारा माणूस टिंबं मोजतो. ‘एक, दोन, तीन, म्हणजे एस’. वेग वाढला की मोजणी मागे पडते आणि तो अडतो. अक्षर पहिल्यापासून वेगात ऐकलं तर त्याचा एक आकार कानात बसतो, मोजायला वेळच उरत नाही. मध्ये मिळालेल्या जादा शांततेत ते आठवून लिहायचं, बस्स. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कोख यांनी 1930 च्या दशकात मांडलेली पद्धतही पूर्ण वेगावरच उभी आहे.

कोख पद्धतीचा सराव टर्मिनलवर सहज होतो. एका फाइलमध्ये के आणि एम ही दोनच अक्षरं उलटसुलट क्रमाने भरा, ती फाइल ‘सीडब्ल्यू’ला द्या, वेग 20 ठेवा. पडद्याकडे पाठ करा आणि ऐकू येईल ते कागदावर लिहा. सुटलेल्या अक्षरासाठी थांबू नका, जागा सोडा आणि पुढचं पकडा. झाल्यावर फाइलशी ताडून बघा. शंभरातली नव्वद बरोबर आली की फाइलमध्ये तिसरं अक्षर घाला.