फर्नेस पेटते आणि विझते

श्रोतेहो, नमस्कार. शिकागो, मिनिआपोलिस, टोरांटो... तुम्ही यांपैकी कुठेही राहत असाल, तर ऐन जानेवारीत घरातली फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, बंद पडणं म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोचा पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. अशा रात्री घर बघता बघता गारठतं आणि मग पाण्याचे पाइप फुटायची धास्ती.

आज एकाच तक्रारीबद्दल बोलतो. फर्नेस सुरू होते, जाळ लागतो आणि विझतो. पुन्हा लागतो, पुन्हा विझतो. दोन-तीन खेपा झाल्या की सगळं ठप्प. अशा वेळी आपण वर थर्मोस्टॅटशी खटपट करत बसतो. त्यापेक्षा खाली बेसमेंटमध्ये जा, फर्नेससमोर उभे राहा आणि घड्याळ बघा. जाळ किती वेळ टिकला, यावरून बरंचसं कळतं.

जाळ चार-पाच सेकंदांत विझत असेल, तर पहिला संशय फ्लेम सेन्सरवर घ्या. बर्नरच्या तोंडाशी जाळात बुडालेली पेन्सिलीपेक्षा बारीक धातूची कांडी असते, बुडाशी पांढरी चिनीमाती, एक वायर, एक स्क्रू. जाळातून वीज वाहते, अगदी थोडी, मायक्रोअँपिअरमध्ये मोजण्याइतकी. तेवढा प्रवाह सर्किट बोर्डाला मिळाला, तरच तो गॅस चालू ठेवतो. कांडीवर राखाडी-पांढरा थर बसला की प्रवाह तुटतो. समोर जाळ धडधडत असतो, पण बोर्डाला तो दिसत नाही. मग न जळलेला गॅस घरात साचू नये म्हणून तो व्हॉल्व्ह बंद करतो. म्हणजे फर्नेस तुमचं रक्षणच करत असते.

ही कांडी साफ करणं अवघड नाही. आधी फर्नेसचा विजेचा स्विच बंद करा, गॅसचा खटका पाइपला आडवा करा. स्क्रू काढा, कांडी अलगद बाहेर ओढा, बारीक स्टील वूलने चकचकीत होईपर्यंत पुसा आणि परत बसवा. जवळच जाळ पेटवणारा इग्नायटर असतो, त्याला मात्र बोट लावू नका. तो फार ठिसूळ असतो, जरा धक्का लागला तरी तडकतो. साफ करूनही फरक पडला नाही, तर अर्थिंग किंवा बोर्ड तपासायला तंत्रज्ञ बोलवा.

जाळ काही मिनिटं नीट चालून विझतो आणि पंखा मात्र फिरतच राहतो, असं होत असेल तर आधी हवेचा फिल्टर बघा. हवा पुरेशी खेळली नाही की आतली भट्टी जास्त तापते आणि लिमिट स्विच जाळ तोडतो. आपल्या घरांत रोजची फोडणी, तळण, उदबत्ती असते, त्यामुळे माझं मत विचाराल तर पाकिटावर तीन महिने लिहिलेला फिल्टरही दर महिन्याला उजेडात धरून बघावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल, तर बदला. सोफ्यामागे झाकल्या गेलेल्या हवेच्या जाळ्याही मोकळ्या करा.

आणि जाळ लागतच नसेल, नुसती घरघर ऐकू येत असेल, तर कोट चढवून बाहेर जा. नव्या फर्नेसचे हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे पांढरे प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर निघतात. वादळानंतर त्यांच्या तोंडाशी बर्फ साचतो, तो हाताने काढा.

जुन्या घरात सतत जळणारी पायलट ज्योत असेल आणि बटण सोडताच ती विझत असेल, तर बहुधा ज्योत जळतेय हे ओळखणारं थर्मोकपल गेलेलं असतं. ते स्वस्तात मिळतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कुणी जाणकार मित्र म्हणेल, "लिमिट स्विचच्या दोन वायरी जोडून टाक, चालेल." चालेलही, पण ते करू नका. स्विच जाळ तोडतोय त्याला कारण आहे, ते शोधायचं. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा.

शेवटी, पंखा सुरू होतो त्या क्षणी जाळाकडे नीट बघा. निळा, स्थिर जाळ त्याच वेळी पिवळा होऊन हेलकावायला लागला, तर आतल्या हीट एक्स्चेंजरला, म्हणजे जाळ आणि घरातली हवा वेगळी ठेवून हवा तापवणाऱ्या भागाला, तडा गेल्याची शक्यता असते. तिथून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. तेव्हा फर्नेस लगेच बंद करा आणि तपासून घेईपर्यंत चालू करू नका. झोपायच्या खोल्यांजवळचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आजच काढून बघा. मागच्या बाजूला मुदत छापलेली असते, ती संपली असेल तर बॅटरी बदलून भागत नाही, अलार्मच नवा आणावा लागतो.