कुरकुर कानावर आल्यावर मंडळीने काय करावं?

श्रोतेहो, नमस्कार. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेची पद्धत बदलते, दानपेटीच्या हिशेबावर प्रश्न येतो, पाळकांवर टीका होते. आणि लगेच विचारणाऱ्याच्या विश्वासावरच शंका घेतली जाते. पहिल्या मंडळीने मात्र हे कसं हाताळलं ते पाहू.

बायबलच्या नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, सहावा अध्याय. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहुदी विश्वासणाऱ्यांची कुरकुर होती. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा निवडक शिष्यांनी, त्यांना दटावलं नाही. सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावलं, देवाच्या वचनाची सेवा सोडून आपण अन्नवाटप करणं बरं नाही असं मोकळेपणाने सांगितलं आणि सात माणसं निवडायला लावली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर... सातही नावं ग्रीक आहेत! म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. आजच्या किती समित्यांची एवढी तयारी असेल?

पंधराव्या अध्यायातला प्रश्न याहून अवघड होता: परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का? पुष्कळ वादविवाद झाला, तो कोणी दाबला नाही. प्रेषित पेत्राने अनुभव सांगितला, परराष्ट्रीयांत काम केलेल्या बर्णबा आणि पौल यांनी तिथे घडलेलं सांगितलं, यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याने शास्त्राशी ताडून पाहिलं. मग निर्णय पत्रात लिहिला. सुंतेची सक्ती नाही. मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म, एवढं टाळा. पत्रासोबत यहूदा (बर्सबा म्हटलेला) आणि सीला गेले, तोंडी समजावायला. बदल नुसता फळ्यावर लावला की अफवा उठतात, त्या इथेच थांबतात.

आता वैयक्तिक तक्रार. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायात येशूने सांगितलेला क्रम सर्वांना पाठ असतो: आधी एकांतात बोला, मग एक-दोघांना सोबत न्या, मग मंडळीला सांगा. चुकतं ते दोन ठिकाणी. पहिली पायरी गाळून थेट चारचौघांत बोललं जातं. दुसरी चूक फार गंभीर आहे: अत्याचार झालेल्या व्यक्तीला, विशेषतः लहान मुलाला, ‘आधी त्याच्याशी एकट्याने बोल’ असं सांगितलं जातं. कृपा करून असं कधीही करू नका. अत्याचार हा गुन्हा आहे. पोलिसांना कळवा आणि आरोप असलेल्या माणसाला त्याच दिवसापासून मुलांपासून दूर ठेवा.

शिवाय प्रत्येक गोष्ट एकांतातली नसते. अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, बर्णबाही त्याच्यामागे वाहवला, तेव्हा पौलाने पेत्राला सर्वांसमोर सुनावलं. पंगत उघड मोडली, म्हणून बोलणंही उघड. मंडळीचे पैसे, शिकवण, नेतृत्व यांवरच्या प्रश्नांना उत्तरही सर्वांसमोर, लेखी द्या: काय तपासलं, काय चुकीचं निघालं, दुरुस्ती कोण करणार आणि कधीपर्यंत. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला तपास समितीत बसवू नका.