उद्यमबागेतून पाहिलेलं रॉकेट

(पडदा अंधारलेला. टिग वेल्डिंगचा आर्क पेटतो.)

बेळगाव. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली एक शेड. एसएस 304, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पत्रा, दुधाच्या टाकीचा. टाकीच्या आतून आर्गॉन वायू सोडलाय, जोडाला हवा लागू नये म्हणून. तो कमी पडला तर जोडाच्या मागच्या बाजूला काळी, खरखरीत खपली धरते आणि डेअरीवाला माल परत पाठवतो. जोड गार झाला की त्याचा रंग बघायचा. फिक्कट सोनेरी आला तर मिस्त्री काही बोलत नाहीत. करडा आला तर ग्राइंडर हातात देतात.

येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडीहून सकाळी दुचाकीवर येणारी पोरं हे काम रोज करतात.

(दृश्य बदलतं. समुद्रकिनारा, स्टीलचा उंच नळा.)

आणि हा दुसरा पत्रा. जात तीच, कार्बन जरा कमी: 304 एल. जागा बोका चिका, टेक्सासचं दक्षिण टोक, पलीकडे मेक्सिको. म्हणजे तोही सीमाभागच. इथं स्पेसएक्स कंपनी स्टारशिप नावाचं रॉकेट बांधते. खालचा बूस्टर आणि वरचं यान असे दोन भाग, व्यास 9 मीटर, उंची 120 मीटरच्या वर. दोन्ही भाग परत यावेत, इंधन भरून पुन्हा उडावेत, दर खेपेला 100 टनांहून जास्त वजन वर न्यावं, हा त्यामागचा आराखडा.

2016 साली हे रॉकेट कागदावर आलं तेव्हा स्टीलचं नव्हतंच. 12 मीटर व्यास, कार्बन फायबरचं अंग. पुढच्या वर्षी व्यास 9 मीटरवर आला. 2018 संपता संपता कार्बन फायबरही गेला. किलोला सुमारे 135 डॉलर पडायचा, त्यातला तिसरा हिस्सा कापण्यात वाया. स्टील किलोला 3 डॉलर. पण नुसत्या पैशाचा हिशेब नव्हता. द्रवरूप ऑक्सिजन असतो उणे 183 अंशांना. तेवढ्या गारठ्यात हे स्टील ठिसूळ होत नाही, उलट जास्त ताकद धरतं. परतीच्या वाटेवर समोरची हवा दाबली जाऊन यान तापतं तेव्हा कार्बन फायबर दीडशे-दोनशे अंशांत ढिला पडला असता, हा पत्रा आठशेच्या आसपासही दम धरतो. शिवाय उघड्यावर, तंबूत उभं राहून जोडता येतो. सुरुवातीच्या कामाला पाण्याच्या टाक्या बांधणाऱ्या कंपनीचे वेल्डर होते.

(टाकी फुटतानाचं दृश्य. दोनदा, संथ गतीत.)

नोव्हेंबर 2019. दाबाच्या चाचणीत पहिल्या नमुन्याचं टोपण उडालं. त्याचं अंग पत्र्याचे तुकडे जोडून केलं होतं, म्हणजे जोडच जोड. मग गुंडाळीतून सलग पट्टी काढून एका जोडात एक कडं करायला लागले. 9 मीटर व्यासाच्या कड्याला सव्वाअठ्ठावीस मीटर पट्टी लागते, जाडी जेमतेम 4 मिलिमीटर. तरी फेब्रुवारी 2020 मध्ये पुढची टाकी बुडाशी फाटली.

हा व्हिडिओ शेडमध्ये मोबाईलवर लावला. आम्ही जोड कुठं सुटला ते शोधत होतो.

“जोड काय बघूलासा? शेजारचा पत्रा बघा की ओ,” मिस्त्री म्हणाले. “जास्त उष्णता घातली की जोड राहतो आणि बाजूचं फाटतं.”

(इंजिनाची चाचणी. आवाज पूर्ण.)

बूस्टरला रॅप्टर जातीची 33 इंजिनं, यानाला 6. इंधन मिथेन. केरोसीनसारखी काजळी धरत नाही, म्हणून तेच इंजिन पुन्हा पुन्हा वापरायला बरं. सगळं इंधन आणि सगळा ऑक्सिजन आधी पंप फिरवणाऱ्या टर्बाइनमधून जातो, मगच मुख्य कक्षात जळतो. त्या कक्षात दाब 300 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे तीनशेपट. उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप बनतात, तेव्हा 300 बार हा आकडा इथं कुणाला नवा नाही. तिथं त्या दाबात आग असते, एवढंच.

(13 ऑक्टोबर 2024. मनोऱ्याचे दोन हात परतणारा बूस्टर झेलतात. इथं निवेदन नाही.)

या बूस्टरला पायच नाहीत. पायांचं वजन वाचवलं आणि झेलायचं काम मनोऱ्यावर टाकलं. मे 2025 मध्ये एकदा झेललेला बूस्टर पुन्हा उडाला, 33 पैकी 29 इंजिनं जुनीच. यानाच्या पोटावर उष्णता अडवणाऱ्या षटकोनी फरशा आहेत, सुमारे 18 हजार. जून 2024 मध्ये त्यांच्या फटीतून शिरलेल्या आगीनं पंख जळत होता, तरी यान समुद्रावर अलगद उतरलं. मनोऱ्यावर ते 2025 मध्येही झेलता आलं नाही.

पहिल्या उड्डाणात तळाच्या काँक्रीटचे तुकडे उडाले, 2025 च्या सुरुवातीला फुटलेल्या यानांचा मलबा बेटांकडे गेला, विमानं वळवावी लागली, आणि किनाऱ्यावरच्या वस्तीतली बहुतेक घरं विकली गेली.

(चित्र: इस्रोचं पुन्हा वापरायचं, पंखांचं यान पुष्पक, धावपट्टी.)

आता आपल्या राज्यातलं, कर्नाटकातलं चळ्ळकेरे, चित्रदुर्ग जिल्हा. जून 2024 मध्ये चिनूक हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटर उंचीवरून पुष्पकला सोडलं. ते ताशी 320 किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं, आपलं आपण, धावपट्टीवर टेकलं. त्याच सप्टेंबरात केंद्रानं नव्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली: 8,240 कोटी रुपये, 30 टनांची क्षमता, पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा.

(हत्तरगी, हायवेवरून.)

विमानांचे सुटे भाग हत्तरगीच्या सेझमध्ये आजही बनतात. उद्यमबागेतल्या लहान शेडला या कामात शिरायचं तर हात आहे, कागद नाही. पत्रा कुठल्या वितळीतला, कोणी जोडला, किती अँपिअरवर, एक्स-रेत काय दिसलं, सगळ्याची नोंद लागते. त्यावर एएस 9100 चं, म्हणजे विमान-अवकाश उद्योगाच्या गुणवत्तेचं, प्रमाणपत्र. त्याचा खर्च चार माणसांच्या वर्कशॉपला झेपत नाही. तो सगळ्या शेडनी मिळून उचलावा, एक्स-रेची सोय वसाहतीतच व्हावी, असं आम्हाला वाटतं.

मिस्त्रींचा थोरला सध्या प्रेशर व्हेसलच्या वेल्डर परीक्षेची तयारी करतोय. प्लेट जोडायची, पट्टी कापायची, प्रेसमध्ये इंग्रजी यूसारखी वाकवायची. 3 मिलिमीटरपेक्षा मोठी चीर दिसली की नापास.