गाणं मुक्कामाला कुठं राहतं?

नमस्कार मंडळी. चिटणीसांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, 'शनिवार-रविवारची सहल.' पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, 'व्याख्यानमालेत सहल कशी घालायची, भाऊ?' मी म्हटलं, गाण्याच्या गावांची सहल आहे, पत्रिकेत काहीतरी भारदस्त छापून टाका. त्यांनी 'सांगीतिक वारसा' असं छापलंय. मी मात्र सहलच सांगणार.

आधीच कबूल करतो, मी गाणारा नाही. तीस वर्षं पोस्टात काढली. भजनी मंडळात पेटीवर दोन बोटं फिरवतो, आणि बुवा वरच्या पट्टीत गेले की तीही उचलतो. आमच्या गाडीत चौघं होतो: मी, आमची सौ., तिची बहीण आणि माझा साडू. गाडी साडूची, त्यामुळे गाणी कोणती लावायची हेही तोच ठरवणार. तो इंदूरला निघाला होता सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, खायला. वारसा वगैरे माझ्या डोक्यात.

रस्ता सांगून ठेवतो, म्हणजे कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. जळगावहून पहाटे निघायचं. भुसावळ, मुक्ताईनगर, बऱ्हाणपूर, खंडवा आणि संध्याकाळी इंदूर. रविवारी सकाळी देवास. परत येताना मात्र तोच रस्ता धरायचा नाही, आग्रा रोडने सेंधवा, बिजासन घाट उतरून शिरपूर, आणि चोपड्यावरून घरी. सगळं मिळून सातशे किलोमीटरच्या आसपास. दोन दिवसांत होतं, फक्त पाठीला कळतं.

बऱ्हाणपुरात आम्ही नाश्त्याला थांबलो. तिथली मावा जिलबी काळीभोर आणि जड. दोन खाल्ल्या की माणूस वारसा-बिरसा विसरतो. आपण बऱ्हाणपूरला साड्या आणायला जातो, पण ती खान्देशची राजधानी होती, फारुकी सुलतानांची. या गावाचा गाण्याशी संबंध काय? बाजबहादूर. रूपमतीमुळे तो सगळ्यांना माहीत आहे. माळव्याचा सुलतान, राज्यापेक्षा गाण्यात जास्त रमलेला. १५६१ मध्ये अकबराच्या फौजेनं सारंगपूरला त्याचा धुव्वा उडवला. रूपमतीनं विष घेतलं म्हणतात. इथवर सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही, आणि पुढचंच आपल्याकडचं आहे. बाजबहादूर पळाला तो दक्षिणेला, खान्देशच्या आसऱ्याला. मुघल सरदार पीर मुहम्मद त्याच्या मागावर आला आणि त्यानं बऱ्हाणपूर लुटलं. मग आपला मुबारकशाह फारुकी, वऱ्हाडचा तुफालखान आणि बाजबहादूर असे तिघं मिळून त्याच्यावर उलटले. पीर मुहम्मद माघारी पळताना नर्मदेत बुडाला. बाजबहादूरला थोडे दिवस त्याचं राज्य परत मिळालं, मग पुन्हा गेलं. शेवटी तो अकबराच्याच चाकरीत गेला. अकबराचा इतिहास लिहिणाऱ्या अबुल फजलनं दरबारातल्या गवयांची यादी दिली आहे. तिच्यात सुरुवातीला तानसेन, आणि त्याच यादीत माळव्याचा हा माजी राजाही आहे. गाण्यात त्याला जोड नाही, असा शेराही आहे.

एका गवयाला आसरा दिल्याबद्दल एक शहर लुटलं गेलं. गवई म्हणून दिला नव्हता, सुलतान म्हणून दिला होता, हे मलाही कळतं. पण जिलबी खाताना ही गोष्ट मी साडूला सांगितली, तर तो म्हणाला, 'म्हणजे पाहुणा महागात पडला.' हे वाक्य पुढे दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही.

बऱ्हाणपूरहून खंडव्याला जाताना डोंगरावर असीरगड दिसतो. थांबलो नाही, चढायला वेळ लागतो.

खंडवा म्हणजे किशोरकुमार. ४ ऑगस्ट १९२९ चा जन्म, नाव आभासकुमार गांगुली. वडील कुंजलाल गांगुली वकील. आता विचार करा, बंगाली माणूस वकिलीसाठी निमाडात येतो, आपल्या भुसावळच्या पुढच्या जंक्शनला, आणि तिथंच घर करतो. मुंबईत एवढं नाव झाल्यावरही किशोरदांच्या तोंडी खंडवाच. दूध-जिलबी खाऊन तिथंच राहायचं, असं ते म्हणायचे. १३ ऑक्टोबर १९८७ ला मुंबईत गेले, पण अंत्यसंस्कार खंडव्यालाच झाले. तिथं समाधी आहे. ४ ऑगस्टला लोक तिथं दूध-जिलबीचा नैवेद्य दाखवतात. आम्ही गेलो तेव्हा भर दुपार, कुणी नव्हतं. एक पोरगा मोबाईलवर गाणं लावून बसला होता. साडूनं पहिल्यांदा गाडीतला स्पीकर आपणहून बंद केला.

पूर्वी खंडव्याहून इंदूरला मीटरगेजची छोटी गाडी जायची. किशोरदा इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकायला होते. तिथल्या कँटीनच्या उधारीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पाच रुपये बारा आणे. तोच आकडा पुढे 'चलती का नाम गाडी'तल्या गाण्यात आला. आम्ही त्या रुळांच्या आसपास, रस्त्यानं, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून घाट चढून गेलो.

आता इंदूर. इथं जरा थांबतो, कारण इंदूरच्या बाबतीत आपण सगळे एकच गोष्ट सांगतो, लताबाईंचा जन्म. २८ सप्टेंबर १९२९, शीख मोहल्ला. किशोरदांचा ४ ऑगस्ट, त्यांचा २८ सप्टेंबर. दोन महिन्यांच्या आत, सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या अंतरात ही दोन बाळं जन्मली. पंचांगवाल्यांनी याचा अभ्यास करावा. त्या घराच्या जागी आता दुकान आहे. आमच्या सौ. तिथं पाच मिनिटं उभ्या राहिल्या. दुकानदाराला सवय असावी, त्यानं काही विचारलं नाही.

पण माझ्या दृष्टीनं इंदूर ख्यालगायक उस्ताद अमीरखाँसाहेबांचं. त्यांचे वडील शाहमीरखाँ होळकरांच्या पदरी होते, सारंगी आणि बीन, म्हणजे रुद्रवीणा, वाजवायचे. घरी दर शुक्रवारी गवई-वादक जमायचे. शहरात कोण कोण होतं बघा. बंदे अलीखाँसारखा बीनकार होळकरांकडे राहिला. नानासाहेब पानसे, मूळचे वाईजवळच्या बावधनचे, काशीला पखवाज शिकले आणि इंदुरात राहिले; त्यांच्या पखवाजाचं घराणंच झालं. एका दरबारानं इतक्या दिशांची माणसं एका गावात आणून ठेवली, आणि त्या गावातल्या एका घरात एक मुलगा शुक्रवारी कोपऱ्यात बसून सगळं ऐकतोय.

वडिलांनी त्याला मेरुखंड शिकवलं. मेरुखंड म्हणजे काय? सा रे ग म प ध नी हे सात स्वर घ्या आणि एकही पुन्हा न घेता जितक्या वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतील तितक्या लावा. दोन स्वर घेतले तर दोन मांडण्या, तीन घेतले तर सहा, चार घेतले तर चोवीस, आणि सात घेतले तर ५०४०. पोस्टातल्या माणसाला हे लगेच कळतं, पत्रांची विभागणी करतो तसंच आहे. पण ५०४० पाठ करून कुणी गवई होत नाही. खाँसाहेबांची गंमत अशी, की इतकी मांडणी हाताशी असून ते घाई करत नाहीत. चौदा मात्रांचा झूमरा ताल, तोही अतिविलंबित. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येईपर्यंत माणसाला वाटतं आता तबलजी उठून गेला की काय. रात्री मुक्कामाच्या खोलीत मी फोनवर त्यांचा मारवा राग लावला. साडू सराफ्यातून भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन आलेला. बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, 'हा माणूस निघालाय की नाही अजून?' दहा मिनिटांनी म्हणाला, 'बंद करू नको.' १९७४ च्या फेब्रुवारीत कोलकात्यात मोटार अपघातात खाँसाहेब गेले.

रविवारी देवास. इंदूरहून तासाभराचं अंतर. छोटं गाव, मध्ये माताजीची टेकडी. त्या एवढ्याशा गावात पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे एका गावात दोन राजे. गवई रजबअलीखाँ देवासलाच राहिले. आणि टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल', कुमार गंधर्वांचं घर.

कुमारजी कुठले? बेळगावजवळच्या सुळेभावीचे. कानडी घर, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण, लहानपणीच नाव झालेलं. आणि ऐन पंचविशीच्या आत क्षय. १९४८ साली कोरड्या हवेसाठी देवासला आले. पाच-सहा वर्षं गाणं बंद, डॉक्टरांची मनाई. गवयानं गायचं नाही, फक्त पडून राहायचं. मग पडल्या पडल्या काय ऐकू येणार? बाहेरून जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातली, पावसाची, शेतातली. शीलनाथ या नाथपंथी साधूंच्या धुनीवर जोगी निर्गुणी भजनं म्हणायचे, ती. माळव्यातली ही गाणी चार-पाच स्वरांत फिरतात. आजारी माणूस ऐकत राहिला आणि त्याला दिसायला लागलं की यात रागाचं बी आहे. पुढे त्यातून त्यांचे स्वतःचे राग झाले. 'अनूपरागविलास' या पुस्तकात त्यांच्या बंदिशी आहेत. परत गायला लागले ते एका फुप्फुसावर, म्हणून आवाज तसा तोडून, फेकून लावायचे, असं जाणकार सांगतात. मला त्यातलं तंत्र कळत नाही. पण आपल्या घरात कुणी महिनाभर अंथरुणाला खिळलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, त्या माणसाला गल्लीतला प्रत्येक आवाज ओळखू येतो. भाजीवाला कोणता, सायकल कुणाची.

मधसूरजा म्हणून त्यांचा राग आहे. त्यातली बंदिश टेकडीवर बळी द्यायला नेलेल्या बोकडाची आहे. बोकड देवीला म्हणतो, मला वाचव, घरी माझं लेकरू एकटं आहे. आपल्याकडे नवसाचे बोकड किती गेले डोळ्यांसमोरून? मी स्वतः लहानपणी मळ्यातल्या मरीमायला एक दोरीनं धरून नेलेला आहे. त्याच्या तोंडी राग असेल असं मनात आलं नाही. पायथ्याशी उभं राहून टेकडीचा रस्ता बघितला तेव्हा ती बंदिश मला पहिल्यांदा ऐकू आली, आणि फोन खिशातच होता.

भानुकुलच्या फाटकाशी आम्ही उभे राहिलो. घंटी वाजवायचा धीर झाला नाही. मला वाटतं तेच बरोबर. लोकांचं राहतं घर आहे, रविवारची दुपार आहे. ज्यांना जायचंय त्यांनी आधी कळवून जावं.

परतीच्या रस्त्यावर मी मनात हिशोब मांडला. कुमारजी बेळगावकडचे. पानसे वाईचे. किशोरदांचे वडील बंगाली. लताबाईंचे वडील दीनानाथराव गोव्याच्या मंगेशीचे. त्या-त्या गावचा मूळचा कोण? फार थोडे. आपण म्हणतो अमुक गावाच्या पाण्यातच गाणं आहे. पाण्यात काही नसतं हो. कुणीतरी बाहेरचा येतो, आजारी असतो, नोकरीवर असतो, नाटक कंपनीबरोबर फिरत असतो, आणि ते गाव त्याला राहू देतं. दरबारी पगार देऊन, नाहीतर नुसती हवा आणि शांतता देऊन. देवासनं कुमारजींना आणखी काय दिलं? खोली, खिडकी आणि खिडकीबाहेरच्या बायका.

मग आपलं काय? आपल्या या जळगावात नारायण राजहंस नावाचा पोरगा नातलगांकडे राहून मेहबूबखाँकडे गाणं शिकला. पुढे तो बालगंधर्व झाला, पण जळगावचा राहिला नाही. त्याच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, महोत्सव होतो, चांगला होतो. तरी तो वाटसरूच. आपल्याकडे बायका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गाणी म्हणतात, कानबाईच्या सणाला रात्र जागवतात. तेही चार-पाच स्वरच आहेत. ते ऐकत पडून राहायला आपल्याकडे कुणी आजारी गवई आला नाही, किंवा आला असेल तर आपण त्याला पुढच्या गाडीत बसवून दिलं. मुंबई-आग्रा रोड आपल्या खान्देशातूनच जातो, सगळे इथूनच गेलेत. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. बऱ्हाणपूरची लूट आठवते, आणि साडूचं वाक्यही.

शेवटचा थांबा थाळनेर. शिरपूरहून तापीकाठी. फारुकींची बऱ्हाणपूरच्या आधीची राजधानी. त्यांची थडगी आहेत, नदीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. आणि हे लताबाईंचं आजोळ. त्यांची आई शेवंती इथली, हरिदास लाड या गुजराती व्यापाऱ्याची मुलगी. थोरली मुलगी नर्मदा आधी दीनानाथरावांना दिली होती, ती वारली, मग धाकटी. लहानपणी आजीकडून लताबाई गुजराती गरबे शिकल्या. म्हणजे पहिल्या काही गाण्यांतली दोन-चार तरी तापीच्या काठावरून गेलेली. शीख मोहल्ल्यात पाच मिनिटं उभ्या राहिलेल्या आमच्या सौ. थाळनेरवरून पन्नास वेळा गेल्यात, माहेरी जाताना. कधी उतरल्या नव्हत्या.

पोचेपर्यंत दिवस कलला होता. नदीकडच्या वाटेवर एक म्हातारबुवा ओट्यावर बसले होते. त्यांनी अहिराणीत विचारलं, 'कथा जाई राहिनात?' म्हणजे कुठं निघालात. सांगितलं, गाण्याची गावं बघत फिरतोय. त्यांना ते नीट कळलं नसावं, किंवा कळलं असेल. म्हणाले, 'बठा, पयले च्या पिवा.' चहा आला. आत कुणी बाई भाकऱ्या थापता थापता काही गुणगुणत होती, शब्द कळत नव्हते. मी मान वळवून ऐकायला लागलो. म्हातारबुवा म्हणाले, 'आते अंधार पडी जाई, रातले आठेच रही जा.' रात्री इथंच राहा म्हणत होते.

साडूनं घड्याळ बघितलं. सोमवारी त्याची सकाळची पाळी होती. आम्ही चहा संपवला आणि निघालो.