पूल पाडण्याआधीचे दहा महिने

[दृश्य: महामार्गावरचा साधा काँक्रीटचा पूल. जुनं छायाचित्र.]

स्वित्झर्लंडमधल्या कोपिगेन आणि उट्झेनस्टॉर्फ या दोन गावांना जोडणारा हा पूल. खालून बर्न ते झ्युरिक महामार्ग जायचा. मधला गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ३० मीटरचा, दोन्ही बाजूंचे गाळे १४-१४ मीटरचे. महामार्गाला लागून नवा रेल्वेमार्ग येणार होता आणि त्यासाठी बाजूचा गाळा अपुरा पडत होता. म्हणून १९९८ च्या अखेरीस पूल पाडला. कागदोपत्री त्याचं नाव झेड२४.

पुलांच्या प्रकृतीवर काम करणाऱ्या कितीतरी संशोधकांनी या पुलाची आकडेवारी हाताळली आहे. त्यातल्या बहुतेकांनी तो पूल कधी पाहिलाच नाही.

तरीही ती आकडेवारी इतक्यांच्या हाती आली, त्याचं कारण पाडण्याआधीच्या दहा महिन्यांत आहे. युरोपीय आयोगाच्या अर्थसाहाय्यावर चाललेल्या एका प्रकल्पात बेल्जियमचं ल्युव्हन विद्यापीठ, स्वित्झर्लंडची एम्पा ही प्रयोगशाळा आणि इतर देशांतले गट एकत्र आले. नोव्हेंबर १९९७ पासून पुलावरचे त्वरणमापक, म्हणजे थरथर टिपणारे सेन्सर, दर तासाला एक नोंद घेत होते. सेकंदाला १०० वाचनं, एकूण ६५,५३६. म्हणजे साधारण ११ मिनिटांचं कंपन. जोडीला तापमान, वारा, आर्द्रता यांचे सेन्सर.

[दृश्य: आलेख. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर पहिली नैसर्गिक वारंवारता.]

कल्पना सरळ होती. तार सैल झाली की सूर उतरतो. तसा पूल दुबळा झाला की त्याची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे तो स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरतो तो आकडा, उतरते. या पुलाची पहिली, म्हणजे सर्वांत कमी, वारंवारता ४ हर्ट्झच्या (सेकंदाला चार वेळा) आसपास. ती घटली, की कुठेतरी काही बिघडलं असं समजायचं.

हिवाळ्यात घोळ झाला. पारा शून्याखाली गेला आणि वारंवारता चढू लागली. पूल एका रात्रीत मजबूत झाला नव्हता. वरचा डांबराचा थर गारठून ताठ झाला होता आणि तोही भार पेलू लागला होता. वर्षभरात पहिल्या चार वारंवारता १४ ते १८ टक्क्यांनी हलल्या. खरी इजा झाल्यावर होणारा फरक त्याहून बराच लहान असू शकतो. म्हणजे फक्त वारंवारता पाहणारी यंत्रणा उन्हाळा लागला की खोटी बोंब ठोकणार, आणि थंडीत खरा तडा गेला तरी गप्प बसणार.

म्हणून आधी तापमान आणि वारंवारता यांचं नातं बसवायचं, मग त्यातून उरलेला फरक तपासायचा. हे नातं एका सरळ रेषेत मावत नाही, शून्य अंशापाशी ते मोडतं. आणि तापमान कशाचं, हा प्रश्न टाळता येत नाही. हवा तासाभरात तापते, जाड काँक्रीट मागून येतं. हवेचं तापमान घेतलं, तर सकाळचा आणि संध्याकाळचा बिंदू एका रेषेवर बसत नाही, आणि दोष उगाच गणिताला दिला जातो.

[दृश्य: खांबाशेजारी हायड्रॉलिक जॅक.]

ऑगस्ट १९९८. आता पुलाला मुद्दाम इजा करायची. एक खांब कापून तो जॅकवर घेतला आणि खाली उतरवला: आधी २० मिलिमीटर, मग ४०, ८०, शेवटी ९५. पुढे पाया कलवला, काँक्रीट फोडलं, शेवटी ताण दिलेल्या केबल तोडल्या. अशा टप्प्यांनंतर पुलाची पूर्ण मोजणी. एका वेळी सगळीकडे पुरतील इतके सेन्सर नव्हते, म्हणून नऊ फेऱ्या करून ते सरकवत न्यायचे. मात्र काही सेन्सर प्रत्येक फेरीत त्याच जागी. हे मुक्कामी सेन्सर हेच फेऱ्यांना एकत्र शिवणारा धागा. त्यातला एक जरी हलला किंवा उलट्या दिशेने लावला गेला, तरी कंपनाच्या आकाराचे, म्हणजे पूल कुठे किती हलतो त्या चित्राचे, तुकडे जोडताना मध्येच पायरी दिसते. ती पायरी तडा समजून लेख लिहिणं अजिबात अवघड नाही.

[दृश्य: समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीवरचे दोन केबलचे पूल.]

दक्षिण कोरिया. जिंदो बेट आणि मुख्यभूमी यांच्यामध्ये दोन पूल शेजारी शेजारी उभे आहेत. मधला गाळा ३४४ मीटर. यातल्या नव्या, २००५ च्या पुलावर २००९ मध्ये अमेरिका, कोरिया आणि जपानच्या गटांनी ७० बिनतारी सेन्सर-संच बसवले. वायर ओढायची नाही, तर प्रत्येक संचाला स्वतःचं घड्याळ लागतं. आणि घड्याळं एकसारखी चालत नाहीत.

दोन संचांच्या घड्याळांत दशलक्षात २० भागांचा फरक धरा. पाच मिनिटांत ते ६ मिलिसेकंदांनी एकमेकांपासून लांब गेले. ऐकायला किरकोळ, पण एका पूर्ण हेलकाव्याचे ३६० अंश धरले, तर ५ हर्ट्झच्या कंपनात हा फरक जवळपास ११ अंशांचा होतो. पुलाची दोन टोकं एकत्र हलत असताना आकृतीत एक मागे पडलेलं दिसतं. म्हणून मोजणीआधी घड्याळं जुळवायची, मोजणी चालू असतानाही त्यांची घसरण नोंदवायची आणि नंतर वाचनं एकाच काळपट्टीवर आणायची. बॅटरीचं दुखणं वेगळंच. संच सतत जागा ठेवला तर ती लवकर संपते, म्हणून बहुतेक वेळ झोप आणि वारा वाढला की जाग. याची किंमत अशी, की शांत दिवसांच्या नोंदी विरळ राहतात.

मोजक्या सेन्सरवरून बिघाड ओळखायचं हेच काम आता पाण्याच्या नळजाळ्यांतही चाललं आहे. सायप्रस विद्यापीठातून २०२० मध्ये गळतीशोधाची एक स्पर्धा झाली. एल-टाउन नावाचं कल्पित शहर, नळजाळ्यात ७८२ जोड, दाबमापक फक्त ३३. गळत्यांचं खरं उत्तर आयोजकांकडे बंद. ३०० मीटरच्या आत जागा दाखवली तरच शोध ग्राह्य. असा कडक नियम पुलांच्या स्पर्धांनाही हवा.

[दृश्य: संगणकावर उघडलेली आकडेवारीची फाईल.]

परक्या गटाची फाईल उघडल्यावर आधी एकक पाहावं. त्वरण ‘जी’मध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) आहे की मीटर प्रति सेकंद वर्गात? चुकलं तर ९.८१ पट फरक. मग वेळ: स्थानिक की जागतिक? युरोपात मार्चच्या एका रविवारी स्थानिक घड्याळातला एक तास गायब होतो, ऑक्टोबरमध्ये एक तास दोनदा येतो. तासाच्या नोंदीवर लिहिलेली वेळ मोजणी सुरू झाल्याची की संपल्याची, हे फाईलच्या पहिल्या ओळीत नसेल, तर मोजणाऱ्यालाच पत्र लिहून विचारावं लागतं, आणि तो एव्हाना दुसऱ्या संस्थेत गेलेला असतो.