‘मूर्तींचा’ अनुस्वार कुठे गेला?

मंडळी, पडद्यावरचा हा शब्द बघा: ‘मूर्तींची’. मधल्या एका अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे बसलेत. आता याच्या वरच्या ओळीत ‘राष्ट्रकूट’ ठेवतो. ‘ष्ट्र’ खाली उतरतो, ‘कू’चा ऊकारही खाली लोंबतो. रोमन लिपीसाठी बेतलेली १.२ लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ओळीची उंची दिली, की वरच्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या डोक्यात. इंग्रजीत हे सहज खपतं, कारण तिथे अक्षराच्या वर-खाली एवढी गर्दी नसते.

एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचं काम माझ्याकडे होतं. फिग्मा या आराखडे काढायच्या साधनात सगळं देखणं दिसत होतं. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला, ‘अहो, मूर्तींचा अनुस्वार कुठे गेला?’ शीर्षकाच्या चौकटीला मी ४० पिक्सेल उंची ठोकून दिली होती, वर ‘ओव्हरफ्लो हिडन’, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते दाखवू नको. माझ्या संगणकावर ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट होता. त्यांच्याकडे तो उतरलाच नाही, दुसरा आला, त्याच्या मात्रा जास्त उंच. चौकटीबाहेर गेलेलं ब्राउझरने छाटलं. मराठी वाचणाऱ्या माणसाला अनुस्वार नसलेला शब्द दाखवणं मला फार लागलं. ‘मूर्तीची’ म्हणजे एका मूर्तीची, ‘मूर्तींची’ म्हणजे अनेकींची. अर्थच बदलला ना!

म्हणून उंची ठोकू नका, किमान उंची द्या. फिग्मातही मजकुराची चौकट ‘ऑटो हाइट’वर ठेवा, म्हणजे ती मजकुराबरोबर वाढेल.

लाइन-हाइटचा आकडा कसा लिहिता, यावरही बरंच ठरतं. बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, २४ पिक्सेल लिहिलंत, तर ४० पिक्सेलचं शीर्षकही वारशाने तेच २४ घेतं आणि त्याच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात. टक्क्यांत लिहिलं तरी तीच गत, कारण वारशाने टक्का जात नाही, त्याचं उत्तर जातं. नुसतं १.६ लिहा, मग प्रत्येक ठिकाणी त्या त्या अक्षराच्या आकारावरून हिशेब होतो. सलग मजकुराला मी १.६ ते १.८ देतो, शीर्षकाला १.४ च्या खाली जात नाही.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मात्र देवनागरीला लावूच नका. शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे दिसतात. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१८ च्या २.१ आवृत्तीत एक निकष आहे: वाचणाऱ्याने स्वतः ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट, परिच्छेदांतलं दुप्पट, अक्षरांतलं ०.१२ आणि शब्दांतलं ०.१६ पट केलं, तरी मजकूर हरवता कामा नये. ज्या लिपीत यातलं एखादं अंतर वापरलंच जात नाही, तिला तेवढ्यापुरती सूट आहे. दीडपट ओळी मात्र आपल्यालाही झेपल्याच पाहिजेत.

आता चित्र मजकुरावर चढतं तेव्हा. कोण कुणाच्या वर हे ठरवणारा आकडा म्हणजे झेड-इंडेक्स; सगळे पहिल्यांदा तो ९९९९ लिहितात, आणि काही होत नाही. एक तर नुसत्या साध्या घटकाला झेड-इंडेक्स लागू पडत नाही, त्याला पोझिशन द्यावी लागते किंवा तो फ्लेक्स किंवा ग्रिड या मांडणीतला असावा लागतो. दुसरं असं की तो ज्या डब्यात आहे त्या बाहेरच्या डब्याला ऑपॅसिटी ०.९ (म्हणजे किंचित पारदर्शकपणा) किंवा ट्रान्सफॉर्म (म्हणजे सरकवणं, फिरवणं) दिलं असेल, तर त्या डब्याचा स्वतंत्र थर तयार होतो. आतल्या घटकाचा आकडा त्या थरातच मोजला जातो. पहिल्या मजल्यावर स्टुलावर चढलात म्हणून तुम्ही दुसऱ्या मजल्यावर पोचत नाही, तसंच. आधी तो थर कुणी बनवला ते शोधा.

चित्रावर मजकूर हवाच असेल, तर दोघांना ग्रिडच्या एकाच घरात बसवा. मजकूर वाढला की घर वाढतं आणि चित्रही त्याच्याबरोबर ताणता येतं. ॲब्सोल्यूट पोझिशनने, म्हणजे नेहमीच्या मांडणीतून बाहेर काढून, मजकूर टांगला, तर तो किती वाढला हे डब्याला कळत नाही.

प्रत्येक नव्या टेम्प्लेटमध्ये मी आता ‘राष्ट्रकूट’ आणि त्याखाली ‘मूर्तींची’ टाकतो, फॉन्ट मुद्दाम बंद करतो, ब्राउझरचा झूम २०० टक्क्यांवर नेतो. आजही तेच करू. लॅपटॉप उघडा.